कॅन्सर की ऑटोइम्यून सूज: स्वादुपिंडातली एक गाठ आणि स्टेरॉइडचे दोन आठवडे

पार्श्वभूमी

पेशंट साधारण साठीचे, आपण त्यांना काका म्हणू. ओळख पटू नये म्हणून वय, घरचे तपशील वगैरे बदललेत. मी त्या वेळी पोटविकाराच्या टीममध्ये होते आणि त्यांची फाईल पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच होती, त्यामुळे कोण कधी काय म्हणालं हे बऱ्यापैकी जवळून बघितलंय.

काकांना पोटात दुखत नव्हतं. आधी लघवी गडद व्हायला लागली, मग अंगाला खाज, मग डोळे पिवळे. दोन महिन्यांत सहा किलो वजन गेलं होतं आणि पाच महिन्यांपूर्वी अचानक शुगर निघाली होती, घरात कोणालाच डायबिटीस नसताना. दारू नाही, पित्ताचे खडे नाहीत. आता न दुखता झालेली कावीळ, वजन उतरणं आणि नव्याने आलेला डायबिटीस, हे तिन्ही एकत्र दिसले की कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात पहिला शब्द कॅन्सर हाच येतो, आणि तो यायलाच पाहिजे.

आमच्याकडे यायच्या आधी दुसरीकडे त्यांची सोनोग्राफी झाली, पित्तनलिका फुगलेली दिसली, बिलीरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) ११ होतं, आणि लगेच ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिका उघडी ठेवायला प्लास्टिकची छोटी नळी, म्हणजे स्टेंट, टाकला गेला. सीटी त्यानंतर झालं, तेही साधं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे याचा त्रास झाला.

अडचण काय होती

आमच्याकडे आल्यावर स्वादुपिंडासाठीच्या खास पद्धतीने सीटी केलं, म्हणजे डाय दिल्यावर वेगवेगळ्या वेळी फोटो घेतात तसं. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात २.८ सेंटीमीटरचा एक भाग होता, कडा अस्पष्ट. सुरुवातीच्या फोटोत तो बाकीच्यापेक्षा थोडा काळपट आणि उशिराच्या फोटोत हळूहळू उजळणारा. मागची स्वादुपिंडाची नळी ४ मिलिमीटर, म्हणजे किंचित फुगलेली पण फार नाही. शेपटीकडचा भाग सुकलेला नव्हता. रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. एमआरसीपीमध्ये, म्हणजे या नळ्यांच्या एमआरआयमध्ये, स्वादुपिंडाच्या डोक्यातली नळी एका जागी कापल्यासारखी दिसत नव्हती, बऱ्याच लांबीपर्यंत बारीक झालेली दिसत होती.

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी रिपोर्टमध्ये लिहिलं, कॅन्सर असण्याची शक्यता जास्त, पण ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसचा (शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे स्वादुपिंडाला येणाऱ्या सुजेचा) विचार करावा. या एका ओळीमुळे पुढचा सगळा प्रकार सुरू झाला.

मग रक्त पाठवलं. आयजीजी-४, म्हणजे या ऑटोइम्यून आजारात वाढणारा एक प्रतिपिंडाचा प्रकार, आलं २१८, त्या लॅबची वरची मर्यादा १३५. सीए १९-९, म्हणजे स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वाढणारा रक्तातला मार्कर, आधी बिलीरुबिन ११ असताना ४१० होतं, स्टेंटनंतर बिलीरुबिन २.५ वर आलं तेव्हा २६५. म्हणजे प्रत्येक आकडा मधलाच. आयजीजी-४ वाढलेलं पण दुपटीच्या आत, सीए १९-९ वाढलेलं पण काविळीबरोबर उतरणारं, गाठ आहे पण टिपिकल नाही. प्रत्येक तपासणी दोन्ही बाजूंनी बोलत होती.

हे दोन आजार एकमेकांसारखे का दिसतात

हे थोडं सविस्तर सांगते कारण याच्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत.

ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावर उलटते, त्यात प्लाझ्मा पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) वगैरे भरतात, तंतुमय जाळं तयार होतं आणि अवयव सुजून घट्ट होतो. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये सार्ल्स यांनी अशा पेशंटचं वर्णन केलं होतं, ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस हे नाव १९९५ मध्ये जपानमधून योशिदा आणि सहकाऱ्यांनी सुचवलं, आणि २००१ मध्ये हामानो यांच्या टीमने दाखवलं की या पेशंटच्या रक्तात आयजीजी-४ वाढलेलं असतं. त्यानंतर कळत गेलं की हा आजार फक्त स्वादुपिंडाचा नाही, लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, पित्तनलिका, किडनी, पोटाच्या मागच्या भागात, कुठेही जाऊ शकतो. हा झाला टाइप १. टाइप २ वेगळा, तो बहुतेक तरुणांत दिसतो, आयजीजी-४ सहसा वाढत नाही आणि बऱ्याच जणांना आतड्याचा दाह, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिससारखं काहीतरी, सोबत असतं. काकांच्या बाबतीत प्रश्न टाइप १ चाच होता.

टिपिकल केस असेल तर ओळखायला तितकी अवघड नसते. सगळं स्वादुपिंड सॉसेजसारखं गुबगुबीत आणि गुळगुळीत दिसतं, भोवती एक कडं दिसतं, नळी बारीक असते पण मागे फुगत नाही. पंचाईत होते ती सूज एकाच जागी गाठीसारखी असते तेव्हा. मग तीच कावीळ, तेच वजन उतरणं, तोच नवा डायबिटीस. सीए १९-९ पित्त अडलं की कॅन्सर नसतानाही चढतं. पेट स्कॅन करून बघा असं घरचे हमखास विचारतात, पण दोन्ही आजार त्यात चमकतात, त्यामुळे नुसत्या चमकण्यावरून काही ठरत नाही.

उलट बाजूने बघितलं तरी गोंधळ तसाच. आयजीजी-४ फक्त ऑटोइम्यूनमध्येच वाढतं असं नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या साधारण १० टक्के पेशंटमध्ये ते वाढलेलं सापडतं, दुपटीच्या वर मात्र साधारण एकाच टक्क्यात. त्यामुळे २१८ हा आकडा ऐकून हुरळून जायचं कारण नव्हतं, २७० च्या, म्हणजे दुपटीच्या, वर असता तर वजन वेगळं पडलं असतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सर स्वतःच भोवती सूज आणि तंतूंचं दाट जाळं तयार करतो, गाठीचा बराचसा भाग कॅन्सरच्या पेशींचा नसतोच, आणि त्या सुजेत आयजीजी-४ वाल्या प्लाझ्मा पेशीही असू शकतात. सुई त्या भागात गेली की रिपोर्ट येतो सुजेचा.

दोन्ही आजार एकाच माणसात असल्याच्या केसेसही प्रसिद्ध झाल्यात. ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसचं निदान झाल्यावर पहिल्या वर्षात कुठला ना कुठला कॅन्सर सापडण्याचं प्रमाण जास्त असतं, असं जपानमधल्या काही अभ्यासांत दिसलंय, त्यावरून काही जण म्हणतात की काही पेशंटमध्ये ही सूजच मुळात कॅन्सरला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असावी. सगळ्या अभ्यासांत हे तसंच्या तसं आलेलं नाही, तो वाद चालू आहे. पण "सूज सापडली म्हणजे कॅन्सर नाही" हे वाक्य चुकीचं आहे एवढं मात्र नक्की, आणि हे वाक्य मी पेशंटच्याच नाही तर डॉक्टरांच्याही तोंडून ऐकलंय.

कोणते पर्याय होते

केस सगळ्यांच्या मीटिंगमध्ये ठेवली, सर्जन, ऑन्को म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी आणि आम्ही.

सर्जन सरांचं म्हणणं सरळ होतं. गाठ काढता येण्यासारखी आहे, रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, कॅन्सरचा संशय दाट आहे, तर अशा वेळी ऑपरेशनच्या आधी बायोप्सी पाहिजेच असा नियम नाही, व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाच्या डोक्याचं मोठं ऑपरेशन, करून टाकू. आणि ते बरोबर होतं, मार्गदर्शक तत्त्वंही तसंच सांगतात, कारण बायोप्सी निगेटिव्ह आली तरी कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर निदानाच्या वेळी जेमतेम १५ ते २० टक्के लोकांत ऑपरेशन करण्यासारखा असतो, ती संधी हातात असताना वाट बघायची नाही असा त्यांचा मुद्दा.

दुसरी बाजू आमची. व्हिपल म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय, पित्तनलिकेचा भाग काढून सगळं पुन्हा जोडायचं. अनुभवी सेंटरमध्येही मृत्यूचं प्रमाण काही टक्के असतं आणि गुंतागुंती बऱ्याच जणांना होतात. कॅन्सर समजून केलेल्या अशा ऑपरेशन्सपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत शेवटी कॅन्सर निघतच नाही आणि त्यातल्या बऱ्याच केसेस ऑटोइम्यूनच्या असतात. जो आजार गोळ्यांनी उतरतो त्यासाठी माणसाचं अर्धं पोट नव्याने जोडायचं हे कोणालाच बरं वाटत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे लगेच स्टेरॉइड सुरू करून बघायचं. हा पर्याय घरच्यांना सगळ्यात आवडला. त्यांच्या मुलीने रिपोर्टमधली ती ओळ वाचली होती, रात्रभर बसून नेटवर शोधलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत तिने विचारलं, "डॉक्टर, गोळ्यांनी जाणार असेल तर बाबांना कापायचं कशाला? पंधरा दिवस देऊन तर बघा." काकू बाजूला गप्प बसल्या होत्या, काका माझ्याकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं की स्टेरॉइड ही तपासणी म्हणून वापरता येते, पण आधी कॅन्सर शोधायचे सगळे प्रयत्न करून झाल्यावरच, कारण कॅन्सर असेल तर ते दोन आठवडे फुकट जातात आणि आपण स्वतःची फसवणूक करून घेतो. काका म्हणाले, "तुम्ही जे कराल ते नीट ठरवून करा, मला मध्येच काही बदललेलं नको." त्यांचं हे वाक्य पुढे खूप कामाला आलं.

चौथा पर्याय, एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे दुर्बिणीतून आतून सोनोग्राफी, करून जाड सुईने तुकडा काढायचा. नुसत्या पेशी खेचणारी सुई कॅन्सर शोधायला चालते, पण ऑटोइम्यून सिद्ध करायला पेशींची रचना दिसावी लागते, त्यासाठी अखंड तुकडा पाहिजे. मीटिंगमध्ये यावर एकमत झालं.

काय केलं

पहिला निर्णय: बायोप्सी. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करताना आधीच्या स्टेंटमुळे आजूबाजूला सूज होती, पित्तनलिकेची भिंत जाड दिसत होती, आणि ती जाडी आजाराची की स्टेंटची हे कोणी सांगू शकत नव्हतं. तीन वेळा सुई घातली. रिपोर्ट आला: कॅन्सरच्या पेशी नाहीत, तंतुमय जाळं, भरपूर लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी, आयजीजी-४ वाल्या पेशी मायक्रोस्कोपच्या एका फील्डमध्ये १४ पर्यंत.

बायोप्सीच्या तुकड्यात दहाच्या वर अशा पेशी असणं हे ऑटोइम्यूनच्या बाजूने धरतात. पण पॅथॉलॉजीच्या सरांनी मीटिंगमध्ये स्क्रीनवर स्लाइड दाखवत एक गोष्ट बोलून दाखवली जी रिपोर्टमध्ये तेवढी ठळक नव्हती. ऑटोइम्यूनमध्ये तंतू भोवऱ्यासारखे गोल फिरलेले दिसतात आणि छोट्या शिरा सुजेने बंद झालेल्या दिसतात, इथे त्यातलं काहीच खात्रीने दिसत नव्हतं. तुकडा छोटा होता म्हणून दिसलं नाही की मुळात नव्हतंच, हे ते सांगू शकत नव्हते. २०११ चे आंतरराष्ट्रीय निकष लावले तर स्कॅन संदिग्ध, रक्ताचा पुरावा दुय्यम दर्जाचा, बायोप्सीचाही दुय्यमच. इतर अवयव तपासले, लाळग्रंथी, डोळे, किडनी, पोटाच्या मागचा भाग, कुठे काही नाही. म्हणजे ऑटोइम्यून असू शकतो, यापलीकडे म्हणता येत नव्हतं.

दुसरा निर्णय, आणि माझ्या मते या केसचं सगळं सार इथे आहे. सर्जन सर अजूनही ऑपरेशनच्या बाजूने होते, आम्ही ट्रायलच्या, म्हणजे स्टेरॉइड देऊन बघायच्या, बाजूने, घरचे अर्थातच ट्रायलच्या. शेवटी ठरलं की ट्रायल द्यायची पण सुरू करायच्या आधी कागदावर लिहून, की काय झालं तर पास आणि काय झालं तर नापास. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस, पंधराव्या दिवशी त्याच मशीनवर त्याच पद्धतीने सीटी. गाठ आणि नळीचं अरुंद होणं स्पष्टपणे कमी झालं तर ऑटोइम्यून धरून पुढे जायचं. थोडंसं कमी झालं, तसंच राहिलं किंवा वाढलं तर ऑपरेशन, मधला मार्ग नाही, "अजून दोन आठवडे बघू" नाही. ऑपरेशनची तारीख त्याच दिवशी घेऊन ठेवली. नापास झालं तर नव्याने रांगेत उभं राहायला नको म्हणून.

आणखी एक ओळ आम्ही त्या कागदात घातली होती: काका कसे वाटतात, भूक, वजन, डोळ्यांचा रंग, बिलीरुबिन, यातलं काहीच निकालात धरायचं नाही. मुलीला हे पटत नव्हतं. तिला मी समजावलं की कावीळ उतरतेय ती स्टेंटमुळे, आणि स्टेरॉइडने कोणालाही भूक लागते, उत्साह येतो, कॅन्सरच्या पेशंटलाही. म्हणून यावरून काही ठरवायचं नाही.

आणि नेमकं तसंच झालं. चौथ्या पाचव्या दिवसापासून काका जेवायला लागले, झोप कमी झाली पण चेहऱ्यावर तरतरी आली, वजन दीड किलोने वाढलं. मुलगी रोज सकाळी खिडकीपाशी उभं करून बाबांच्या डोळ्यांचा फोटो काढायची आणि मला पाठवायची, पहिल्या फोटोत हळदीसारखा पिवळा, दहाव्या फोटोत जवळजवळ पांढरा. ते फोटो एकापाठोपाठ बघितले की कोणालाही वाटेल औषध लागू पडलं. घरात सगळ्यांना वाटलंच. टीममधल्या काही जणांनाही वाटलं, आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलावी का असा विषय सीटी व्हायच्या आधीच निघाला. तो कागद नसता तर मला वाटतं तारीख ढकलली गेली असती. शुगर मात्र चारशेला गेली आणि इन्सुलिन सुरू करावं लागलं.

पंधराव्या दिवशी सीटी. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही सीटी शेजारी लावून, त्याच पातळीवरच्या फोटोवर, गाठ आणि नळी मोजली. पेशंट कसा आहे हे त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. गाठ २.८ ची २.७. भोवतालची धूसर सूज थोडी कमी. आणि मागची नळी ४ मिलिमीटरची ६ झाली होती. ऑटोइम्यून असता तर नळी मोकळी व्हायला पाहिजे होती, इथे ती मागे आणखी फुगली होती. सीए १९-९ आलं ३१८, बिलीरुबिन ०.९ असताना. आधी २६५ होतं तेव्हा कावीळ अजून होती, त्यामुळे तो आकडा काविळीच्या नावावर खपला. आता काविळीचं कारणच उरलं नव्हतं आणि आकडा वर गेला होता.

तिसरा निर्णय: पुन्हा बायोप्सी की सरळ ऑपरेशन? पुन्हा सुई घालून कॅन्सर सापडला असता तर घरच्यांची मनाची तयारी सोपी झाली असती, पण निगेटिव्ह आली असती तरी आम्ही ऑपरेशनच करणार होतो, मग जी तपासणी निर्णय बदलणार नाही ती कशाला करायची. सर्जन सरांनी स्वतः घरच्यांशी बोलून हे सांगितलं. मुलगी रडली, म्हणाली बाबा तर बरे होत होते ना. काकांनी तिला थांबवलं आणि तारीख विचारली.

निकाल

स्टेरॉइड थांबवलं, ऑपरेशनच्या वेळी शरीराला कमी पडू नये म्हणून गरजेपुरतं इंजेक्शनमधून दिलं, शुगर आटोक्यात आणली, आणि आधीच घेतलेल्या तारखेला व्हिपल झालं. जखमेला इन्फेक्शन झालं, जोडणीतून स्वादुपिंडाचा रस थोडे दिवस झिरपत राहिला त्यामुळे ड्रेन बरेच दिवस ठेवावा लागला, पण दुसरं ऑपरेशन लागलं नाही. स्टेंट आधीपासून असणं आणि स्टेरॉइड, दोन्ही इन्फेक्शनच्या बाजूनेच काम करतात, त्यामुळे याचं आश्चर्य नव्हतं.

पॅथॉलॉजी: डक्टल ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे स्वादुपिंडाच्या नळीतून निघणारा कॅन्सर, २.९ सेंटीमीटर, १९ पैकी २ लसिका गाठींमध्ये पसरलेला, काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या. कॅन्सरच्या भोवती दाट सूज, त्यात आयजीजी-४ वाल्या प्लाझ्मा पेशींचे पुंजके. बाकी स्वादुपिंडात ना तंतूंचे भोवरे, ना बंद झालेल्या शिरा. म्हणजे आमची सुई कॅन्सरच्या शेजारच्या सुजेत गेली होती, आणि तिथे जे होतं ते तिने बरोबर आणलं होतं.

नंतर सहा महिने मॉडिफाइड फोल्फिरिनॉक्स ही अनेक औषधांची केमो दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये ऑपरेशननंतर या केमोवर असलेले पेशंट मध्यम हिशेबाने ५४ महिने जगले, जेमसिटाबिन या दुसऱ्या केमोवर ३५, म्हणून झेपणाऱ्या पेशंटला हेच देतात. काकांना हातापायाला मुंग्या आल्या, दोन वेळा डोस कमी करावा लागला, पण पूर्ण केलं. जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल आणि इन्सुलिन कायमचं आहे. शेवटचा स्कॅन ऑपरेशननंतर दीड वर्षाने झाला, त्यात काही नव्हतं, सीए १९-९ नॉर्मलमध्ये. आयजीजी-४ सहज म्हणून पुन्हा करून बघितलं तर अजून १९० च्या आसपास आहे. गाठ गेली, त्याबरोबरची सूज गेली, तरी हा आकडा जागेवरच. अगदी निरोगी लोकांतही काही टक्के जणांचं आयजीजी-४ वरच असतं, काकांचं बहुधा पहिल्यापासूनच तसं असावं.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी तो स्टेंट. स्वादुपिंडाची गाठ असण्याची शंका असेल आणि ताप, थंडी, इन्फेक्शन असं काही नसेल, तर आधी खास सीटी, मग एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड आणि बायोप्सी, आणि मग स्टेंट लागला तर. स्टेंट टाकला की आजूबाजूला सूज येते आणि मूळ चित्र पुसट होतं. शिवाय २०१० मध्ये नेदरलँड्सच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की ऑपरेशन होणारच असेल तर सरसकट आधी स्टेंट टाकलेल्यांना गुंतागुंती जास्त होतात. काकांना स्टेंट नसता तर पहिल्याच सीटीत नळी आणि पित्तनलिका नीट वाचता आली असती, आणि पहिल्या सीए १९-९ चा अर्थही वेगळा लागला असता.

ट्रायल द्यायलाच नको होती का? यावर आमच्या टीममध्ये आजही दोन मतं आहेत. सर्जन सर म्हणतात सगळ्या पुराव्यांत एकही पक्का पुरावा ऑटोइम्यूनच्या बाजूने नव्हता, इतर अवयवांत काही नव्हतं, तर पहिल्या मीटिंगनंतरच ऑपरेशन व्हायला पाहिजे होतं. माझं मत थोडं वेगळं आहे. मला वाटतं ट्रायलच्या आधी एकदा पुन्हा बायोप्सी घ्यायला हवी होती, गाठीच्या मधोमध आणि वेगळ्या कोनातून, कारण पहिल्या तुकड्यात सूज होती पण ऑटोइम्यूनची ओळख पटवणारी रचना नव्हती, आणि असा अर्धवट रिपोर्ट हा स्टेरॉइडला परवानगी देणारा रिपोर्ट नसतो. दुसऱ्या बायोप्सीत कॅन्सर सापडला असता तर दोन आठवडे वाचले असते, शुगर चारशेला गेली नसती, आणि मुख्य म्हणजे काकांच्या घरच्यांनी ते दोन आठवडे आशेवर काढून मग खाली आपटायची वेळ आली नसती. लसिका गाठींमधला कॅन्सर त्या दोन आठवड्यांत पसरला असं कोणी म्हणू शकत नाही, तो बहुधा आधीच होता, पण मुलीच्या मनातला तो प्रश्न जात नाही आणि तो तिने मला दोनदा विचारलाय.

दुसरीकडे मी अशाही केसेस बघितल्यात जिथे आयजीजी-४ चारशेच्या वर, लाळग्रंथी सुजलेल्या, आणि तरी कॅन्सर म्हणून ऑपरेशनची तारीख मिळालेली. तिथे दोन आठवड्यांच्या स्टेरॉइडने स्वादुपिंड निम्म्यावर आलं आणि ऑपरेशन रद्द झालं. टाइप १ मध्ये तो आजार नंतर पुन्हा डोकं वर काढतो, तीनातल्या एका तरी पेशंटला, मग पुन्हा स्टेरॉइड, रिटुक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वगैरे, पण पोट शाबूत राहतं. त्यामुळे ट्रायल या गोष्टीवरच काट मारणं मला पटत नाही. कोणाला द्यायची हे ठरवताना इतर अवयवांत काही आहे का हा प्रश्न पहिल्या दिवशी, पहिल्याच भेटीत विचारायला हवा, तोंड कोरडं पडतं का, गाल किंवा जबड्याखाली सूज आली होती का, डोळ्यांच्या वरचा भाग सुजतो का, किडनीचा काही त्रास होता का. काकांना हे सगळं आम्ही बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर विचारलं, तेव्हा उत्तर नाही असं आलं. हेच उत्तर आधी मिळालं असतं तर मीटिंगमधला तोल बहुतेक सर्जन सरांच्या बाजूने झुकला असता.

एक गोष्ट मात्र मी पुन्हा तशीच करेन, तो कागद. आता आमच्याकडे अशी ट्रायल द्यायची असेल तर पास नापासचे मुद्दे, सीटीची तारीख आणि ऑपरेशनची तारीख, तिन्ही गोष्टी पहिली गोळी द्यायच्या आधी लिहून त्याची एक कॉपी पेशंटच्या घरच्यांना दिली जाते, आणि ट्रायल संपेपर्यंत रेडिओलॉजीला पेशंटची तब्येत कळवत नाहीत. सीए १९-९ बिलीरुबिन उतरल्यावर पुन्हा करायचं हेही त्यातच लिहिलेलं असतं.